रोजच्या हाताची सुरी

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, समुद्र आणि टेकड्या यांच्या सान्निध्यात, उत्तन, डोंगरी, पाली, चौक यांच्या पंक्तीला तारोडी हे गाव बसलेले आहे. आणि ज्या गावाला उत्तनसारख्या मासळीच्या बंदराचा शेजार लाभला, तेथील स्वयंपाकघरात धारेचा विचार हा नित्याचा विषय असतो. ताज्या बोंबलाचे मांस इतके मृदू आणि जलमय, की बोथट पाते त्याला कापण्याऐवजी चेंदून टाकते. तो उभा चिरून, काटा काढून, दाबून पाणी निथळावयास ठेवावयाचा असेल तर पहिल्याच ओढीत धार सरळ गेली पाहिजे. याउलट तीच नाजूक धार सुरमईच्या जाड कण्यावर जोराने चालविली, तर तिचा कपचा उडतो. सारांश, स्वयंपाकघराचे मुखत्यारपत्र एकाच पात्याच्या नावे करून देता येत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या हा अधिकार विळीकडे होता. पाटात रोवलेले वक्र पाते, त्याच्या टोकाला नारळासाठी दंतुर खवणी, आणि पाट पायाखाली दाबून बसलेली गृहिणी, अशा या रचनेत पाते स्थिर राहते व जिन्नस हलतो. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे निसरडी मासळी दोन्हीकडून घट्ट धरता येते आणि फणसासारखे बोजड फळही देहभार देऊन फोडता येते. बंगालात ‘बोटी’ या नावाने हेच साधन मासळीवर चालते. पुढे घरोघर ओटा आला, बसून चालणारा स्वयंपाक उभा राहिला आणि विळी कोपऱ्यात गेली. मासळीच्या आणि नारळाच्या मुलखात तिला निरोप देण्याची ही घाई मला मान्य नाही. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी ती अवश्य राखावी.

उरलेल्या नित्यकर्मासाठी, म्हणजे कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, दुधी यांसाठी, पंधरा ते वीस सेंटिमीटर पात्याची एक उत्तम सुरी पुरते. डझनभर सुऱ्यांचा सुशोभित संच घेण्याचे प्रयोजन नाही. मात्र ती हातात धरून पाहिल्यावाचून घेऊ नये. मुठीपाशी पाते इतके रुंद असावे, की चिरताना बोटांची पेरे फळीवर आपटू नयेत. आणि मूठ अशी असावी, की ओल्या, तेलकट हातातूनही ती फिरू नये.

पोलादाचा प्रश्न अधिक विचार मागतो. साधे कर्बयुक्त पोलाद निसण्यावर सहज पाजवले जाते. परंतु ते गंजते, आणि कच्चे केळे किंवा लिंबू चिरताना काळे पडते. शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ मध्ये क्रोमियममिश्रित पोलाद सिद्ध केले. आज किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाला स्टेनलेस म्हणतात, आणि त्याच्या भांड्यांचे कारखाने भाईंदरातच आहेत. जेथे वाऱ्यात खार आणि हाताला मासळीचे पाणी, तेथे माझा कौल निःशंकपणे स्टेनलेसला आहे. जपानी धाटणीच्या सुऱ्या बहुधा अधिक कठीण पोलादाच्या, म्हणून त्यांची धार सूक्ष्म आणि दीर्घकाळ टिकणारी. पण हाडाकाट्याच्या आघाताने त्या लवकर तुटतात. जर्मन पद्धतीचे किंचित मऊ पोलाद आपल्या रोजच्या ओढाताणीला अधिक मानवते.

निवडीइतकीच तजवीज धारेची करावी लागते. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, जोराने ती घसरते आणि बोट कापते. शिवाय ती कांद्याच्या पेशी अधिक चिरडते, त्यामुळे डोळ्यांत पाणीही अधिक येते. कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरल्यास धार पाहता पाहता मरते. खाली लाकडी फळी असावी. निसण्यावर पाते साधारण पंधरा ते वीस अंशांत टेकवून, दोन्ही बाजूंनी सारखेच, शांतपणे ओढावे. मग टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती टेकवून, न दाबता ओढून पाहावी. साल पहिल्या ओढीला चिरली गेली नाही, तर पुन्हा निसण्याकडे वळावे. काम झाल्यावर ती लगेच धुऊन, कोरडी पुसून, चमच्यांच्या खणाऐवजी वेगळी ठेवावी.