आंब्याआधी बाग दाखवा

देवगड-रत्नागिरीकडचा आंबा बागायतदार वर्षानुवर्षं वाशीच्या बाजारात पेट्या पाठवायचा आणि दलालाच्या हिशोबपट्टीची वाट बघायचा. आपला आंबा कोणाच्या घरी गेला, कसा लागला, हे त्याच्या कानावर कधी यायचंच नाही. 2020 च्या टाळेबंदीत ऐन हंगामात बाजाराची घडी विस्कटली आणि अनेक बागायतदार मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पोचवू लागले. ऑर्डर यायच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. तेव्हा जोडलेली गिऱ्हाइकं पुढच्या हंगामातही टिकवायची, तर नुसता भाव कळवून भागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी त्यासाठी चांगली. मात्र तिच्यावरून पाठवलेला मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच मिळतो. म्हणजे आधी गिऱ्हाइकाला तुमचा नंबर ठेवावासा वाटला पाहिजे. 'अस्सल हापूस, आजच बुक करा' एवढ्यावर कोण ठेवेल?

सांगण्यासारखं तर बागेत रोज घडतं. अवकाळी पावसात मोहोर गळला, तर तो गळालेला मोहोर दाखवा. यंदा आंबा उशिरा का आणि महाग का, हे वेगळं समजवावं लागत नाही. झेल्याने आंबा उतरवताना थोडा देठ का ठेवायचा, हे दाखवा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. झेला धरणाऱ्या हाताला हे पाठ असतं, शहरातल्या गिऱ्हाइकाला मात्र अगदी नवं. आंबा आढीत कसा पिकतो हे त्याने पाहिलं असेल, तर हिरवट फळं बघून तो चिडत नाही, थांबतो.

सगळ्यात अवघड विषय साक्याचा. वरून देखणं फळ, आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर. सालीवरून तो ओळखू येत नाही. बरेच विक्रेते याबद्दल गप्प राहतात. माझ्या मते इथेच बोलायला हवं: 'एखाद्या फळात साका निघू शकतो. फोटो पाठवा, फळ बदलून देऊ.' तक्रार येण्याआधी स्वतःहून हे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येतं.

दुसऱ्याच्या बागेचे फोटो लावून आंबा विकणारेही पुष्कळ आहेत. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपवणं तर जुनंच. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने फळागणिक स्वतंत्र कोडचं स्टिकर आणलं. अशा खुणा हव्यातच. पण जानेवारीपासून ज्याने तुमची बाग पाहिली आहे, त्याचा विश्वास तिथेच निम्मा बसलेला असतो.

आता काही जण इन्स्टाग्रामवरच्या मंडळींना फुकट पेटी देऊन कौतुक करवून घेतात. त्याला हरकत नाही, पण ती जाहिरात आहे हे पोस्टवर स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचा हा नियम 2021 पासून आहे. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहवून घेणं ही तर सरळ फसवणूक.

बागायतदारांना एवढंच सांगणं आहे: हंगाम सुरू झाल्यावर जाहिरातीसाठी धावाधाव करू नका. झाडाला मोहोर दिसला की फोन बाहेर काढा आणि जे दिसतंय ते तुमच्याच बोलीत सांगा.