सर्व्हर टेबलाखाली? सांगलीत?

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा पोचली ५७ फुटांवर! जुलै २०२१ मध्ये पाणी परत शहरात. तरीही ऑफिसचे मेल, बिलं, टॅली सगळं तळमजल्यावरच्या एकाच सीपीयूत?

क्लाऊड म्हणजे जादू नव्हे, बॉस. दुसऱ्याच्या मशिनवर भाड्यानं जागा. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर तर २०१५ पासून पुण्यात आहे. ऑफिसात पाणी शिरलं तरी मिरजेच्या मामाकडे लॅपटॉप उघडायचा, मेल हजर! भाडं मात्र माणशी, दरमहा, साहेब कुरकुरणारच.

पण त्याआधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या जीमेलवर असेल, तर किल्ली अजून त्याच्याच खिशात आहे. आजच फोन लावा त्याला.