पत्त्यांच्या डावातून सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कोड लिहिण्याखेरीज आणखी बरेच यावे लागते. कामाला किती दिवस लागतील ते सांगणे, गिऱ्हाइकाच्या मनातले काढून घेणे, वरिष्ठासमोर वेगळे मत मांडणे. फळ्यावर हे शिकवणे कठीण, म्हणून त्यासाठी खेळ वापरतात.

त्यातला सर्वांत रुळलेला 'प्लॅनिंग पोकर'. जेम्स ग्रेनिंग यांनी तो २००२ मध्ये मांडला. समजा, पेणच्या एका गणपती कारखान्यासाठी मागण्या नोंदवणारे ॲप करायचे आहे. मूर्तीची उंची, कच्ची की रंगवलेली, आगाऊ रक्कम, पाठवण्याची तारीख, बस. किती दिवस? तोंडी विचारले तर वर्गातला हुशार मुलगा 'तीन' म्हणतो आणि बाकीच्या माना डोलतात. खेळात प्रत्येकाच्या हाती १, २, ३, ५, ८, १३, २० अशी पाने असतात. मोठ्या कामाचा अंदाज ढोबळच असतो, म्हणून आकड्यांतले अंतर वाढत जाते. पाने पालथी ठेवून एकदमच उलटायची, म्हणजे कुणाचे पाहून कुणी बोलत नाही. मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा टाकणाऱ्याने कारण सांगायचे. १३ टाकणारी मुलगी विचारते: रोह्याच्या दुकानदाराने पन्नास कच्च्या मूर्ती सांगितल्या आणि महिन्याने त्यातल्या वीस रंगवून मागितल्या तर? आगाऊ रकमेचे काय? पुढच्या फेरीत ३ वाला गुपचूप ८ टाकतो. चतुर्थी पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे आकडा फुगला की ॲपमधले काय वगळायचे यावरही तिथेच बोलणे होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतला 'प्रॉब्लेम्स अँड प्रोग्रॅमर्स' हा पत्त्यांचा खेळ याहून खट्याळ आहे. अ‍ॅलेक्स बेकर, एमिली नव्हारो आणि आंद्रे व्हान डेर हूक यांचा तो. ठरलेल्या पैशांत प्रोग्रॅमर नेमायचे, गिऱ्हाइकाच्या गरजा लिहायच्या, आराखडा करायचा, मग कोड. गरजा अर्धवट सोडल्या की प्रतिस्पर्धी नेमके त्यावरच संकटाचे पान टाकतो. घाईत लिहिलेल्या कोडात चुका लपलेल्या असतात आणि त्या शेवटच्या तपासणीत निघाल्या तर डाव गेला. नोकरीत जी चूक कित्येक महिन्यांनी अंगाशी येते, ती इथे तासाभरात येते.

खेळाची खोड अशी, की मुले पाने ओळखून जिंकायला शिकतात. डावानंतर 'आपण कुठे फसलो' यावर चर्चा झाली नाही, तर तो नुसता पत्त्यांचा तास होतो. शिवाय कागदावरचे गिऱ्हाईक प्रश्नाला उत्तर देत नाही. खरा कारखानदार देतो, तेही मूर्ती रंगवता रंगवता, अर्धे.