मुका झालेला सबवूफर

(बिघडलेले यंत्र टाकून द्यावे की दुरुस्त करावे, हे ठरवण्यापूर्वी बिघाड नेमका कोठे आहे ते शोधावे लागते. हा शोध कसा घेतात, ते या पाठात सांगितले आहे.)

ढोलाचा ठोका, डग्ग्याचा घुमारा, ढगांचा गडगडाट हे सारे खालच्या पट्टीतले आवाज आहेत. ते ऐकवण्याचे काम सबवूफर करतो. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने. यांपैकी सुमारे २० ते १५० हर्ट्झचे आवाज सबवूफरच्या वाट्याला येतात. असे आवाज काढण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून त्याचा स्पीकर मोठा असतो आणि त्याला शक्तीही जास्त लागते.

ही शक्ती अ‍ॅम्प्लिफायर देतो. टीव्हीतून किंवा फोनमधून येणारा विजेचा संदेश फार दुबळा असतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याला बळ देतो. अनेक सबवूफरमध्ये तो पेटीच्या मागच्या पत्र्यावरच बसवलेला असतो. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग घरातील २३० व्होल्टची वीज कमी दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी करतो. दुसरा भाग चाळणीसारखा असतो. तो फक्त खालच्या पट्टीतले आवाज पुढे जाऊ देतो. तिसऱ्या भागात शक्ती देणारे ट्रान्झिस्टर किंवा चिप असते. लहान संचांत ‘टीडीए २०३०’ या नावाची चिप पुष्कळदा आढळते.

सबवूफर बंद पडला, की लोक म्हणतात, “गेला!” पण गेले काय? पेटी शाबूत असते. स्पीकरही बहुधा चांगला असतो. गेलेला असतो तो एखादा लहानसा भाग. म्हणून जाणकार कारागीर घाई करत नाही. तो बाहेरून आत जातो.

आधी तो प्लग, वायर आणि आवाजाची केबल तपासतो. मग प्लग काढून फ्यूज पाहतो. फ्यूज हा घराच्या पहारेकऱ्यासारखा असतो. आत जास्त वीज वाहू लागली, की तो स्वतः वितळतो आणि बाकीचे भाग वाचवतो. त्याच क्षमतेचा नवा फ्यूजही लगेच उडाला, तर आत कोठे तरी शॉर्ट सर्किट आहे असे समजावे. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार लावणे म्हणजे पहारेकऱ्याला हाकलून आगीला बोलावणे होय.

नंतर स्पीकरची पाळी येते. त्याच्या दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवतात आणि त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावतात. ‘धप्’ असा आवाज येऊन पडदा हलला, तर स्पीकरची गुंडाळी जिवंत आहे. मग दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शोधायचा.

कधी सबवूफर मुका नसतो, पण सारखा गुणगुणत असतो. ही गुणगुणसुद्धा बरेच काही सांगते. आवाजाची केबल काढताच ती थांबली, तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या जोडणीत आहे. केबल काढूनही ती चालूच राहिली, तर कपॅसिटरवर संशय येतो. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची असते. ती एका दिशेची करताना सेकंदाला १०० चढउतार तयार होतात. मोठे कपॅसिटर वीज साठवून हे चढउतार सपाट करतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते आतून सुकतात. कधी त्यांचे डोके फुगते. मग ते चढउतार स्पीकरपर्यंत पोहोचतात आणि आपल्याला गुणगुण ऐकू येते. नवे कपॅसिटर बसवले, की ती थांबते.

चिप किंवा ट्रान्झिस्टर जळाला असेल, तर तो बदलून नवा सोल्डर करतात. मात्र स्पीकर लगेच जोडत नाहीत. आधी बाहेर जाणाऱ्या तारांवर मल्टिमीटर लावतात. तेथे एकाच दिशेचा विजेचा दाब जवळजवळ शून्य असायला हवा. तो जास्त असेल, तर चांगला स्पीकरही जळून जातो.

सारी पाटीच करपली असेल किंवा सुटा भाग मिळत नसेल, तर संपूर्ण अ‍ॅम्प्लिफायर बदलता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत असे सामान मिळते. पण नव्याची जुन्याशी जुळणी हवी. स्पीकर ४ ओहमचा असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला चालणारा हवा. त्याची शक्ती स्पीकरला झेपणारी हवी. त्यात चाळणीचा भाग हवा. पत्र्याचे माप पेटीला बसणारे हवे. फट राहिली, तर तेथून हवा निसटते आणि फुसफुस ऐकू येते.

मुलांनो, एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते. म्हणून असे यंत्र एकट्याने कधीही उघडू नका. हा हुन्नर शिकायचा असेल, तर जाणकार उस्तादाजवळ बसून पाहा. आयटीआयमध्येही ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा अभ्यासक्रम असतो.

एका लहान भागासाठी अख्खी पेटी टाकून दिली, तर तिच्यातील तांबे, लोखंड आणि चुंबकही कचऱ्यात जातात. ई-कचऱ्याबाबतचे नवे नियम आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. पण कचरा मुळात कमी करणे आपल्याच हाती आहे. कारागीर केवळ यंत्राला आवाज देत नाही, तर टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तूला पुन्हा आयुष्य देतो.

शब्दार्थ
घुमारा – घुमणारा आवाज. शाबूत – न बिघडलेले. पहारेकरी – राखण करणारा. गुंडाळी – गुंडाळलेली तार. हुन्नर – कसब.

स्वाध्याय
१. फ्यूजला पहारेकरी का म्हटले आहे?
२. गुणगुणीचे कारण केबल आहे की कपॅसिटर, हे कसे ओळखाल?
३. नवा अ‍ॅम्प्लिफायर निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?
४. तुमच्या घरात दुरुस्त करून वापरलेल्या एका वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.