कुत्र्याच्या श्वासमार्गांतील कुसळ

पावसाळा सरला म्हणजे माळरानावरील कुसळी गवत वाळूं लागतें. कपड्यांस चिकटलेलीं कुसळें वेंचतांना आपण त्रासून जातों. पण हेंच कुसळ जमीन हुंगत जाणाऱ्या कुत्र्याच्या नाकांत शिरलें तर त्याच्या जिवावरही बेतूं शकतें, हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

कुसळाच्या अंगावरील बारीक, ताठ केस मागल्या बाजूस वळलेले असतात. त्यामुळें तें पुढें सरकतें, पण मागें परतत नाहीं. तें नाकांत शिरतांच कुत्रा एकाएकीं शिंकांमागून शिंका देतो, पंजानें नाक घासतो, आणि कधीं एका नाकपुडींतून रक्त येतें. एकाच बाजूचा स्राव ही महत्त्वाची खूण होय. तोंडावाटे तें श्वासनलिकेंत ओढलें गेलें तर मात्र जोराची ढास लागते. एकदोन दिवसांनीं हा त्रास कमी होतो आणि धन्यास वाटतें, कुत्रा बरा झाला. येथेंच घात होतो! पुष्कळदां कुसळ निघालेलें नसतें, अधिक खोल गेलेलें असतें. पुढें ताप व दुर्गंधियुक्त श्वास दिसूं लागतो. खोकला औषधानें थांबतो व औषध बंद होतांच परततो. फुफ्फुसांत पू धरलेला असतो.

निदान कसें करावें? राँटजेन यांनीं १८९५ सालीं शोधलेल्या क्ष-किरणांनीं हाड, खडा वा धातु दिसतो. गवताची काडी मात्र सहसा दिसत नाहीं. म्हणून पशुवैद्य कुत्र्यास भूल देऊन नाकांत अथवा श्वासनलिकेंत दुर्बीण घालतात आणि सांपडलेली वस्तु लांब चिमट्यानें काढतात. १८९७ सालीं जर्मनींत गुस्ताव्ह किलियन यांनीं एका मनुष्याच्या श्वासनलिकेंत अडकलेला हाडाचा तुकडा अशाच रीतीनें नळी घालून काढला होता. वस्तु तशी न निघाल्यास छाती उघडून फुफ्फुसाचा बिघडलेला भागच कापून काढावा लागतो.

घरीं नाकांत काडी वा चिमटा घालूं नये. वस्तु आणखी आंत जाते. कुत्रा गुदमरूं लागला व हिरड्या निळसर झाल्या तर तोंड उघडून पहावें, वस्तु स्पष्ट दिसत असेल तरच ती ओढून काढावी, आणि क्षणही न दवडतां पशुवैद्याकडे धांव घ्यावी.

माळावरून परतल्यावर कुत्र्याचें नाक, कान व बोटांमधील जागा तपासण्याची संवय ठेवा. शिंका सुरू झाल्या तर दिवस, वेळ व नाकपुडी कोणती, हें लिहून ठेवा. मुक्या प्राण्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तें त्याच्या वतीनें पशुवैद्यास आपणच सांगावयाचें असतें.