मोगलाईची शीव

पहाटेचे पाच वाजलेत. कोजागिरीचं चांदणं तामलवाडीच्या शिवारावर अजून तसंच आहे. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर माणसंच माणसं. काल सोलापुरातून निघालेले हे भाविक निम्मी वाट चालून आलेत. ‘आई राजा उदो उदो’चा घोष मागून येतो आणि पुढं सरकतो. एक बाई मैलाच्या दगडावर टेकते, तळपायाला रुतलेला खडा नखानं काढते आणि पुन्हा अनवाणी चालू लागते.

रस्त्याकडेला मांडव टाकून गावकरी चहा देतायत. “घ्या माउली, अजून घाट चढायचाय.”

मी रस्ता सोडून बांधावर येतो. काढलेल्या सोयाबीनची गंज ताडपत्रीखाली झाकलेली. कडेची शेंग हातात घेतली की ती तडकते आणि तीन पिवळे दाणे तळव्यावर येतात. शेजारच्या काळ्या रानात वापशाची वाट पाहणं चाललंय. वापसा आला की मालदांडी ज्वारी पेरायची.

ओसरीवर नव्वदीचे आबा बसलेत. दक्षिणेकडं बोट करून म्हणतात, “तिकडं इंग्रजी, इकडं मोगलाई. तिकडं कलदार रुपया, इकडं हाली.”

त्या दोन वाक्यांत या गावाचा भूगोल आणि इतिहास दोन्ही आले. 1818 मध्ये सोलापूर इंग्रजांकडं गेलं आणि ही वस्ती निजामाच्या हद्दीच्या, म्हणजे मोगलाईच्या, कडेला राहिली. 1853 ते 1860 एवढी सात वर्षं निजामानं हा नळदुर्गचा मुलूख इंग्रजांना लावून दिला होता. तेव्हा मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं इथला कारभार पाहिला, रस्ते काढले. मग पुन्हा मोगलाई. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरहून निघालेलं भारतीय सैन्य नळदुर्गच्या वाटेनं आत शिरलं आणि 17 तारखेला निजाम शरण आला. सातव्या निजामाच्या नावाचं जिल्ह्याचं ठिकाण उस्मानाबाद 2023 मध्ये पुन्हा धाराशिव झालं. राज्यं बदलली, पण देवीच्या वाटेवरची ही शीव भाविकांनी कधी मानली नाही, असं मला आज इथं उभं राहून ठामपणे वाटतं.

तांबडं फुटतंय. आबा काठी टेकत मांडवाकडं निघालेत, चहा वाटायला.

पुढच्या कोजागिरीला या वाटेनं आलात, तर घटकाभर इथल्या ओसरीवर टेका आणि निजामाच्या हाली रुपयाचं विचारा. तो हाताळलेली माणसं आता मोजकीच उरलीत.