प्रवासातला छोटा पडदा : कोणता घ्यावा, त्यात काय भरावे

अशोक विजयादशमी जवळ आली की कोथरूडच्या केळेवाडी, शास्त्रीनगर, सुतारदरा, किष्किंधानगर या वस्त्यांतून नागपूरच्या तयारीला सुरुवात होते. गाडी कुठली, माणसे किती, डबा घरचा की वाटेत जेवायचे, अशा चर्चा विहारात रंगतात. वर्गणीचा हिशोब आमच्याकडे असल्यामुळे लोक आमच्याकडे इतर सल्लेही मागतात. अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. "दादा, वाटेत आईला आणि पोरांना बघायला काहीतरी न्यावं म्हणतो. टॅब घेऊ, की तो डीव्हीडीचा छोटा डबा घेऊ?"

प्रश्न वरवर चैनीचा वाटेल, पण तसा तो नाही. पुणे ते नागपूर रस्त्याने सातशे किलोमीटरच्या वर आहे. बसने जा की रेल्वेने, एका बाजूला चौदा-पंधरा तास सहज जातात. गुडघेदुखीची आजी, रडवेले नातवंड आणि दोघांना सांभाळणारी सून यांना ते तास कसे जातात ते विचारून पाहावे. शिवाय हल्ली घरातल्या प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाइल असतो. बस एक, माणसे पन्नास आणि पडदे तीस, असा प्रकार आम्ही पाहिला आहे. आजीच्या हातात मात्र काहीच नसते.

आमच्या पिढीने याच्या उलट प्रकार भोगला आहे. १९८०-९० च्या दशकांत खासगी गाड्यांवर 'व्हिडिओ कोच' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे. ड्रायव्हरच्या केबिनमागे टीव्ही टांगलेला आणि कॅसेट निवडणार क्लीनर. मारामारीचा असो वा अंगप्रदर्शनाचा, तो लावील तो सिनेमा सगळ्यांनी पाहायचा. आमच्या आयाबहिणी खिडकीकडे तोंड करून बसत. त्याच काळात परदेशात हातात धरता येईल असे यंत्र निघाले होते. सोनी कंपनीने १९८८ मध्ये पडद्यासह छोट्या कॅसेटचा व्हिडिओ वॉकमन काढला आणि १९९८ मध्ये पॅनासॉनिकने हातात मावणारा डीव्हीडी प्लेअर आणला. आपल्या वस्त्यांत ही यंत्रे फार उशिरा आली. पण आता प्रवासात काय पाहायचे हे ठरवण्याचा अधिकार क्लीनरकडून आपल्याकडे आला आहे, आणि आमच्या मते या खरेदीत विचार करण्यासारखी गोष्ट हीच आहे. पडदा किती इंची घेतला याहून त्यात आपण काय घालून नेतो याला महत्त्व आहे.

तरीही आधी यंत्राचे पाहू. कुटुंबासाठी एकच सामाईक पडदा घ्यावा आणि तो आठ ते दहा इंची असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोबाइलचा पडदा दोघांना पुरत नाही आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तर तो नकोच. साधा टॅब दहा-पंधरा हजारांच्या आसपास येतो. तेवढ्यासाठी हप्ते लावून घेऊ नयेत. सणासुदीचे हप्ते पुढे मुलांच्या फीच्या महिन्यात बोचतात, हे कारकुनी करताना आम्ही अनेकांच्या पगाराच्या स्लिपवर वाचले आहे. घरात जुना टॅब असेल तर त्याची बॅटरी तपासून तोच वापरावा.

दुकानात गेल्यावर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारत बसू नये. मेमरी कार्डाची खाच आहे का, हे विचारावे. काही चांगल्या, महागड्या टॅबनाही ती नसते. इअरफोनची गोल खाच आहे का, तेही पाहावे. ती असेल तर पन्नास-शंभर रुपयांच्या दुतोंडी जोडणीवर सासू-सून एकाच वेळी ऐकू शकतात. बिनतारी इअरफोन दिसायला छान असतात, पण ते वेगळे चार्ज करावे लागतात आणि बसमध्ये सीटखाली पडले की सापडत नाहीत.

डीव्हीडीचा डबा अगदीच टाकाऊ आहे असे नाही. ज्या घरात पंचवीस-तीस चांगल्या तबकड्या आहेत आणि आजोबांना बटणाशिवाय काही चालवता येत नाही, तिथे तो अजूनही कामाचा आहे. मात्र आत तबकडी फिरवणारी मोटर असल्यामुळे त्याची बॅटरी दोन-तीन तासांत संपते. टॅब आठ-दहा तास चालतो. घ्यायचाच असेल तर पेनड्राइव्ह लावता येईल असाच डबा घ्यावा.

विजेचा हिशोब आम्हांस विशेष प्रिय आहे, वाचकांनी तेवढे सहन करावे. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेले असते, म्हणून तेवढे सगळे टॅबमध्ये जाईल असे समजू नये. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. बाहेर पाच व्होल्टने देताना आणि वाटेतली गळती धरून हातात साधारण ६,००० च्या आसपासच येतात. बारीक अक्षरांत 'रेटेड' म्हणून छापलेला आकडा खरा. ७,००० एमएएचचा टॅब अशा बँकेवर एकदा भरतो, दुसऱ्यांदा नाही. भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक नसलेली फुटपाथवरची पॉवर बँक घेऊ नये, ती आपल्या मुलांच्या उशाशी असते. रेल्वेत अनेक गाड्यांत चार्जिंगचे पॉइंट रात्री अकरा ते पहाटे पाच बंद ठेवतात, तेव्हा जेवणाच्या वेळीच टॅब भरून घ्यावा. विमानाने बोधगयेला जाणाऱ्यांनी पॉवर बँक सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची भरते.

आता मुख्य गोष्ट, त्यात काय भरायचे.

सुरुवात घरच्या कपाटापासून करावी. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून आपण घरोघरी व्हीसीडी आणल्या. भीमगीते, जलसे, व्याख्याने, धम्मपरिषदा. कुणाच्या घरी लग्नाच्या, कुणाच्या घरी वडिलांच्या भाषणाच्या. या तबकड्यांचे आयुष्य संपत आले आहे आणि त्या वाजवणारी यंत्रे भंगारात गेली आहेत. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच कोसळून गेले. त्यांची मोठी रेकॉर्डिंग कंपन्यांकडे राहतील. पण आपल्या वस्तीतल्या शाहिराने जयंतीच्या मांडवात गायलेले, कुणीतरी लग्नाच्या कॅमेऱ्याने टिपलेले गाणे आपल्या कपाटाखेरीज कुठेच नाही.

आमच्याच कोथरूडात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे दुसरे आवार आहे. मूळ संग्रहालय १९६४ चे, लॉ कॉलेज रस्त्यावरचे. तिथे जुनी रिळे थंड, कोरड्या खोल्यांत जपतात. नामदेवराव व्हटकरांनी १९५६ मध्ये बाबासाहेबांची अंत्ययात्रा चित्रित केली नसती तर तो जनसागर आपण केवळ वर्णनात वाचला असता. व्हटकरांचा १९६८ चा 'महापुरुष डॉ. आंबेडकर' हा सतरा मिनिटांचा माहितीपट या संग्रहालयाकडे आला आहे, ही समाधानाची गोष्ट. आपल्या घरच्या तबकड्यांसाठी मात्र थंड खोली कुणी बांधणार नाही. ते काम आपणच करायचे आहे.

काम अवघड नाही. तबकडी वाजवण्याचा ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर कुणाकडे तरी मिळतो. मऊ कपड्याने तबकडी मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. व्हीसीडीचा चमकणारा थर छापील नावाच्या बाजूला, अगदी वरच्या लाखेखाली असतो. म्हणून नावाच्या बाजूला बॉलपेनने लिहू नये, तिकडचा ओरखडा दुरुस्त होत नाही. तबकडी उघडल्यावर 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' फाइल सापडते. ती उतरवून घ्यावी आणि 'हँडब्रेक' या मोफत प्रोग्रॅमने एमपी-फोर करावी. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपास चित्रण असते आणि जागा पाऊण जीबीच्या जवळपास लागते. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात दीडशेच्या घरात तबकड्या मावतात. गंमत अशी की व्हीसीडीचे चित्र मोठ्या टीव्हीवर ठोकळ्या-ठोकळ्यांचे दिसते, आठ इंचांवर ते चांगले दिसते. जुन्या चित्रणाला हा छोटा पडदाच योग्य आहे.

स्वतः विकत घेतलेली तबकडी घरच्यांसाठी कार्डात उतरवणे ही घरगुती बाब झाली. मात्र जत्रेच्या गर्दीत 'पाचशे भीमगीते भरलेले कार्ड' विकणारे उभे असतात, त्यांच्याकडून घेऊ नये. त्यातला एक पैसा गायकाला मिळत नाही. ज्यांच्या गाण्यांवर आपली जयंती उभी राहते त्यांच्या पोटावर आपणच पाय देऊ नये.

कपाट संपल्यावर बाहेरचे पाहावे. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा २००० चा चित्रपट बहुतेकांनी तुकड्या-तुकड्यांत पाहिलेला असतो. तो तीन तासांचा आहे आणि मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सलग पाहायला नागपूरच्या वाटेसारखी जागा नाही. श्याम बेनेगलांची 'संविधान' ही २०१४ ची मालिका दहा भागांची आहे, त्यात सचिन खेडेकर बाबासाहेबांच्या भूमिकेत आहेत. कॉलेजातल्या मुलामुलींना ती आवडते असा आमचा अनुभव आहे. जाताना चार भाग, येताना चार, उरलेले घरी. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' प्रौढांनी जरूर पाहावा. ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर चौदा वर्षे त्याचे काम चालले होते. पण ते लहान मुलांना रात्रीच्या बसमध्ये दाखवायचे नाही. तमिळ 'जय भीम' नाव वाचून बाबासाहेबांचे चरित्र म्हणून लावला जातो. तो इरुलर आदिवासींवरच्या पोलिसी अत्याचाराचा आणि त्यांच्या वकिलाचा चित्रपट आहे. चांगला आहे, पण त्यातली मारहाण मुलांना झेपणारी नाही. मुलांसाठी कार्टून भरले तरी आम्ही नाक मुरडणार नाही. सहा वर्षांच्या पोराने पंधरा तास प्रबोधनच ऐकावे ही अपेक्षा जुलमाची आहे.

हे सर्व घरीच उतरवून घ्यावे. वाटेत रेंजच्या भरवशावर राहू नये. महाडला वीस मार्चला जाणारे आपले लोक पौड रस्त्याने मुळशी, ताम्हिणी, माणगाव असे उतरतात. ताम्हिणीत रेंज जाते आणि चालू असलेले भाषण ऐन रंगात थांबते. वर्गणीच्या अॅपमधून उतरवलेले चित्रपट काही दिवसांनी आपोआप बंद पडतात, काही तर पाहायला सुरुवात केल्यावर ४८ तासांत. तेव्हा ते निघायच्या आदल्या दिवशीच उतरवावेत. आणि ताम्हिणीच्या वळणांवर पडदा मुळी बंदच ठेवावा. डोळे स्थिर चित्रावर आणि कान मात्र हालचाल सांगतो, या ओढाताणीत उलट्या होतात. घाटात खिडकीबाहेर पाहावे, तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. देहूरोड किंवा भीमा कोरेगावपर्यंतच जायचे असेल तर यंत्र घरीच राहू द्यावे.

दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा देऊच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. इअरफोनचा आवाज मोठ्यांनीही साठ टक्क्यांच्या आतच ठेवावा.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण हा आपल्यातला नाजूक विषय आहे. डब्यात कुणी आवाज कमी करा म्हटले की आपले तरुण उसळतात. त्यांना कारण आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका दलित तरुणाची हत्या झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. ज्या समाजाने हे पाहिले त्याला 'गाणे बंद करा' हे शब्द साधे ऐकू येत नाहीत. गाणे लपवा असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. मागणारा कोणत्या कारणाने मागतो ते मात्र पाहावे. शेजारच्या बर्थवर ऑपरेशन होऊन घरी निघालेला माणूस असेल, तर त्याच्यासाठी इअरफोन लावण्यात आपला अपमान नाही. मुंबईच्या बेस्टने २०२३ मध्ये इअरफोनशिवाय मोबाइल वाजवण्यास बसमध्ये मनाईच केली. आपली स्वतःची ठरवलेली बस असेल तर प्रश्नच नाही. गाडीत टीव्ही असल्यास मालकाला आधी विचारून पेनड्राइव्ह न्यावा. तो बहुधा 'फॅट-३२' पद्धतीचा लागतो आणि प्रत्येक फाइल चार जीबीच्या आत असावी लागते. मग एकदम सगळ्यांनी पाहावे. पाळी मात्र ठरवावी. मागच्या वर्षी एका बसमध्ये रिमोट शेवटपर्यंत पोरांच्याच हातात राहिला आणि बायकांनी मागितलेले 'रमाईचे काहीतरी' लागलेच नाही. यंदा त्या बसचा पहिला तास महिला मंडळाचा, असे आम्ही यादीतच लिहून टाकले आहे.

बोधगयेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर महाबोधी विहारात मोबाइल नेता येत नाही, टॅबही मुक्कामावर ठेवूनच निघावे. दीक्षाभूमीच्या गर्दीतही तो पिशवीच्या तळाशी आणि पिशवी पोटाशी असावी.

निघण्याच्या आधीच्या रविवारी टॅब विमान मोडवर टाकावा, इअरफोन लावावे आणि भरलेली प्रत्येक फाइल अर्धा-अर्धा मिनिट चालवून पाहावी. आवाज येतो पण चित्र नाही, किंवा चित्र आहे पण आवाज नाही, असे दोन-तीन ठिकाणी निघतेच. टॅबमध्ये 'व्हीएलसी' हे मोफत अॅप टाकले की त्यातले बरेच सुटते. उरलेल्या फाइली पुन्हा उतरवायला आठवडा हाताशी असतो. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी तबकड्या नाव-गाव लिहिलेल्या पाकिटात घालून विहारात आणून द्याव्यात. नाव पाकिटावर लिहावे, तबकडीवर नाही.